तारीफ की तक्रार?

आपल्या घरांतल्या बायका नवऱ्याविषयी चारचौघींत बोलू लागल्या की काही वाक्ये हमखास कानावर येतात. ‘आमच्यांना कामापुढे काही सुचत नाही.’ ‘सकाळी जातात ते मुलं झोपल्यावरच परततात.’ ‘सगळ्या गावाचं करतात, स्वतःसाठी घटकाभर बसत नाहीत.’ ऐकणाऱ्या मान डोलवतात. एखादी म्हणते, नशीब काढलंस बाई, नाहीतर आमच्या शेजारचा बघ, दिवसभर नाक्यावर उभा असतो. बोलणारीही हसते आणि विषय पुढे सरकतो. ही वाक्ये तारीफ म्हणून बोलली जातात आणि तारीफ म्हणूनच ऐकली जातात. ती खरोखर तारीफच असते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न फार पूर्वी एकाने विचारला होता. प्रसंग दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला आहे आणि फिक्हच्या जुन्या ग्रंथांत तो नोंदलेला आहे. एक स्त्री खलीफांकडे आली. माझा नवरा दिवसभर रोजे ठेवतो आणि रात्रभर नमाजीत उभा असतो, असे तिने सांगितले. तो अल्लाहच्या इबादतीत असताना त्याची तक्रार करणे मला बरे वाटत नाही, असेही ती म्हणाली. हजरत उमर यांनी तिच्या नवऱ्याची प्रशंसा केली. तिने पुन्हा तेच सांगितले, त्यांनी पुन्हा प्रशंसा केली. शेजारी कअब बिन सूर नावाचे गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, अमीरुल मोमिनीन, ही बाई तारीफ करीत नाही, नवरा आपल्याला वेळ देत नाही अशी तक्रार करते आहे. हजरत उमर यांनी निवाडा त्यांच्यावरच सोपवला. नवऱ्याला बोलावून घेण्यात आले. कअब यांनी सांगितले की, चारांतले तीन दिवस आणि तीन रात्री इबादतीला दे, पण चौथा दिवस आणि चौथी रात्र हिची आहे. हजरत उमर यांना या निवाड्याचे इतके कौतुक वाटले की, त्यांनी कअब यांना बसऱ्याचे काझी नेमले.

चारांतला एक हे प्रमाण त्यांनी कोठून काढले, हेही सांगायला हवे. पुरुषाला जास्तीत जास्त चार विवाहांची मुभा, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला कमीत कमी चौथा हिस्सा, असा तो हिशेब होता. आज हा आधार अनेकांना पटणार नाही, आणि तो जसाच्या तसा पुढे चालवण्याची गरजही नाही. आपल्या दृष्टीने निवाड्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बायकोला दिलेला वेळ हा नवऱ्याचा उपकार नाही, तो तिचा हक्क आहे, त्याचे मोजमाप होऊ शकते आणि तो मिळत नसेल तर त्याची दाद मागता येते, हे या निवाड्याने गृहीत धरले. त्या नवऱ्याचा वेळ जुगारात किंवा टवाळक्यांत जात नव्हता. तो इबादतीत जात होता. त्याहून पवित्र सबब कोणती असणार? तरीही निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

आज इबादतीमुळे बायकोला वेळ देता येत नाही, असे म्हणणारे फारसे भेटत नाहीत. इबादतीची जागा कामाने घेतली आहे. दुकान, नोकरी, ओव्हरटाइम, शाळेची कमिटी, मशिदीचे बांधकाम, जमातीची बैठक, कोणाचा निकाह, कोणाचा जनाजा. यातले काहीच वाईट नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. वाईट गोष्टीत वेळ घालवणाऱ्याला निदान शरम तरी वाटते. चांगल्या कामात गुंतलेल्या माणसाला आपण कोणाचे काही देणे लागतो, याची शंकाही येत नाही.

त्याला विचारले तर त्याचे उत्तर तयार असते. ‘मी हे सगळं करतो ते कोणासाठी? तिच्यासाठी आणि मुलांसाठीच ना?’ हे उत्तर खोटे नाही. आपल्या समाजातला सामान्य माणूस स्वतःच्या चैनीसाठी कमी आणि घरासाठी जास्त राबतो. पण एखाद्या माणसासाठी राबणे आणि त्या माणसाबरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीची भरपाई होत नाही. निकाहनंतर नवऱ्यावर बायकोच्या अन्नवस्त्रनिवाऱ्याची जबाबदारी येते, तिला आपण नफका म्हणतो. तो चोख दिला म्हणजे सगळे देणे फिटले, असा आपला समज झाला आहे. पण त्या मदिनेच्या बाईने नफक्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. तिचे मागणे वेगळेच होते. कुरआनात सूरह रूमच्या एकविसाव्या आयतीत जोडीदार कशासाठी निर्माण केला याचे कारण सांगितले आहे, ते असे की, माणसाला त्याच्यापाशी सुकून मिळावा. सुकून मनिऑर्डरने पाठवता येत नाही.

मनिऑर्डर हा शब्द मुद्दाम वापरला. हा प्रश्न सर्वांत ठळकपणे जगला तो कोकणातल्या मुस्लिम घरांनी. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतले पुरुष आधी बोटीवर खलाशी म्हणून जात. काही जण आफ्रिकेपर्यंत पोचले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि गावेच्या गावे तरुण पुरुषांनी रिकामी झाली. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे आली. बहिणींचे निकाह झाले, मुले इंग्रजी शाळेत गेली, मशिदींना मिनार चढले. हे सारे त्या पुरुषांच्या घामातून उभे राहिले, त्यांच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये.

पण हिशेब मांडून पाहू. समजा, एका तरुणाने तीस वर्षे तिकडे नोकरी केली आणि त्याला दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा मिळाली. म्हणजे तीस वर्षांत पंधरा रजा आणि तीस महिने. लग्नाच्या तीस वर्षांपैकी अडीच वर्षे नवराबायको एका छपराखाली. ती अडीच वर्षेही सगळी त्यांची नव्हती. रजेवर आलेल्या माणसाला भेटायला सारा गाव लोटायचा, बॅगा उघडल्या जायच्या, बहिणींकडे जेवणे, सासुरवाडीला फेरी, घराच्या कामावर देखरेख, राहिलेला एखादा निकाह. रजा संपत आली की दोघांच्या लक्षात यायचे की बोलायचे ते राहूनच गेले.

मधल्या काळात पत्रे असत. पण अनेक घरांत बायकोला वाचता येत नसे. मग पत्र दिराने वाचायचे किंवा मास्तरांनी, आणि तेही सासू-सासऱ्यांच्या समोर. असे पत्र लिहिणारा नवरा त्यात काय लिहिणार? खुशाली, पैशांचा हिशेब, अम्मीची तब्येत, मुलांचा अभ्यास, आणि शेवटी घरातल्या सर्वांना सलाम. त्या ‘सर्वां’मध्येच बायको असायची. पुढे कॅसेट आली. आवाज भरून पाठवायची सोय झाली, पण टेपरेकॉर्डर घरात एकच आणि तोही ओटीवर. मग एसटीडी बूथ आला, त्याच्या काचेबाहेर रांग उभी आणि मीटर पळते आहे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, चेहरा दिसतो, रात्री निवांत बोलता येते. तरीही अंतर पुरते मिटलेले नाही. त्या जुन्या बायकांच्या तारुण्याचा तर हिशेबच कोणाकडे नाही. त्यांच्याबद्दल गाव एवढेच म्हणते की, घर सांभाळले हो तिने. हीसुद्धा तारीफच.

इथे पुन्हा हजरत उमर यांची आठवण येते. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना एका स्त्रीचे विरहाचे शब्द ऐकू आले. तिचा नवरा मोहिमेवर गेला होता. त्यांनी आपल्या कन्येला, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की, नवऱ्याशिवाय स्त्री किती काळ धीर धरू शकते. त्यांचे उत्तर ऐकून त्यांनी शिपायाला घरापासून किती काळ दूर ठेवावे, याची मर्यादा ठरवून टाकली. काही कथनांत ती चार महिन्यांची आहे, काहींत सहा महिन्यांची. बायकोपासून दूर राहण्याची शपथ घेणाऱ्याला सूरह बकराच्या दोनशे सव्विसाव्या आयतीनेही चारच महिन्यांची मुदत घातली आहे. त्यानंतर त्याने परतावे किंवा तिला मोकळे करावे. राज्याच्या लढाईसाठीही शिपायाच्या बायकोचा वेळ अमर्याद वापरता येत नाही, हे त्या काळात एका राज्यकर्त्याला समजले होते. आणि ते समजून घेण्यासाठी त्याने विचारले ते एका स्त्रीला.

आपल्याकडच्या कायद्यालाही हे अगदीच अपरिचित नाही. 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पत्नीला ज्या कारणांसाठी न्यायालयातून विवाह संपुष्टात आणता येतो, त्यांत नफका न देणे हे एक कारण आहे, आणि सबळ कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पार न पाडणे हे त्याहून वेगळे, स्वतंत्र कारण आहे. म्हणजे पैसा पोचवला तरी नवरा म्हणून असलेले दुसरे देणे उरतेच, हे कायद्यानेही ओळखले. अर्थात, इथे कोणाला कोर्टाची पायरी दाखवण्याचा हेतू नाही. न्यायालयात जाण्याची वेळ येईपर्यंत जे गमवायचे ते गमावून झालेले असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला ‘बायकोला वेळ दे’ असे सांगणे हे पोट भरलेल्याचे शहाणपण नाही का? तो रात्रपाळी करून सकाळी येतो तेव्हा ती मुलांच्या डब्यात गुंतलेली असते. तो झोपतो तेव्हा ती कांड्या भरायला बसते. ती मोकळी होते तेव्हा त्याची पुन्हा निघायची वेळ झालेली असते. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेवढाच एक दिवस, आणि त्यातही जुमा, बाजारहाट, दवाखाना. हा माणूस बायकोचा हक्क मारतो असे म्हणणे अन्याय आहे. त्या दोघांचाही हक्क त्यांच्या परिस्थितीने मारला आहे. म्हणून वेळेचा प्रश्न हा केवळ नवराबायकोच्या स्वभावाचा प्रश्न नाही, तो मजुरीचा आणि घराच्या आकाराचाही प्रश्न आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्याला वेळ देता येत नाही आणि जो वेळ देत नाही, या दोघांना एका तराजूत घालू नये.

घराच्या आकाराचा मुद्दा थोडा पुढे न्यायला हवा. मुंबईच्या चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीत आई-वडील, दोन भाऊ, एकाची बायको, मुले अशी माणसे राहतात. तिथे नवराबायकोला एकमेकांशी दोन शब्द बोलायचे तर कोणत्या कोपऱ्यात बोलायचे? सूरह नूरच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत या गोष्टीचा फार बारकाईने विचार आहे. फज्रच्या नमाजीपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेताना आणि इशाच्या नमाजीनंतर, अशा तीन वेळा एकांताच्या म्हणून सांगितल्या आहेत. त्या वेळी घरातल्या मुलांनी आणि नोकरचाकरांनीही परवानगी घेतल्याशिवाय आत येऊ नये, अशी शिकवण आहे. आपण ही आयत अदबीचा धडा म्हणून मुलांना शिकवतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. नवराबायकोचा वेळ राखण्याची जबाबदारी त्या दोघांचीच नाही, सगळ्या घराची आहे. घर एका खोलीचे असले तरी वेळेची एक भिंत घालता येते. इशानंतर म्हातारी मंडळी अर्धा तास ओट्यावर बसली, धाकट्या भावाने मुलांना बाहेर फिरवून आणले, तर खोली तेवढा वेळ दोघांची होते. त्याला पैसा लागत नाही, समज लागते.

आपल्या एकत्र कुटुंबांत नेमकी ही समज कमी पडते. नवे जोडपे संध्याकाळी फिरायला निघाले की घरात कुजबुज सुरू होते. मुलगा बायकोच्या खोलीत जास्त बसला तर तो ‘बदलला’. आईजवळ बसला तर तो नेक. आईचा हक्क मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका हक्काने दुसरा हक्क खोडला जात नाही. हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग बुखारीच्या संग्रहात आहे. प्रेषितांनी (स.) दोघांना भाऊ करून दिले होते. सलमान एकदा अबू दर्दांच्या घरी गेले तेव्हा त्यांची पत्नी त्यांना अगदी साध्या, उदास वेशात दिसली. विचारल्यावर ती म्हणाली की, तुमच्या भावाला या दुनियेतली कशाचीच गरज उरलेली नाही. इथेही बघा, तक्रार उघड नाही. नवऱ्याच्या विरक्तीचे वर्णन वाटावे असेच ते वाक्य आहे. सलमान यांना मात्र ते बरोबर कळले. त्यांनी यजमानाला रोजा सोडून आपल्याबरोबर जेवायला बसवले, रात्री नमाजीला उठू लागल्यावर झोपायला लावले, आणि पहाटे दोघांनी मिळून नमाज पढल्यावर समजावले की रबचा हक्क आहे, स्वतःच्या शरीराचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे, ज्याचा हक्क त्याला द्यावा. प्रेषितांनी सलमान बरोबर बोलले असा कौल दिला.

दोन्ही प्रसंगांत बाईचे खरे म्हणणे ओळखले ते एका तिसऱ्या माणसाने. एकदा दरबारात बसलेल्याने, एकदा घरी आलेल्या पाहुण्याने. आपल्या घरांत हे तिसरे माणूस कोण? सासू होऊ शकते, नणंद होऊ शकते, नवऱ्याचा मित्र होऊ शकतो. ज्या सासूने स्वतः तीस वर्षे पत्रातल्या ‘सर्वांना सलाम’वर काढली, तिच्याइतके सुनेचे मन दुसऱ्या कोणाला कळणार? पण आपण भोगले ते तिनेही भोगावे, असेच अनेकदा घडते. एखादी सासू ‘जा ग, भांडी मी बघते, तो आलाय’ असे म्हणते तेव्हा ती सुनेला जे देते ते दागिन्यापेक्षा मोठे असते.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर बायकांच्या वेळेकडेही पाहू. आतापर्यंत आपण नवऱ्याकडे वेळ नाही असे धरून चाललो, पण बायकोकडे तरी तो कुठे असतो? केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटे. शिवाय असा हात लावणारे पुरुष शंभरांत साधारण सव्वीसच निघाले, स्त्रिया मात्र एक्याऐंशी. म्हणजे रोजची जवळजवळ पाच तासांची पाळी, आणि तिला शुक्रवारचीही सुटी नाही. रमजानमध्ये हे अधिकच जाणवते. सहरीला सर्वांत आधी ती उठते. इफ्तारच्या वेळी सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात आणि ती मात्र खजूर तोंडात टाकून पुन्हा भज्यांच्या कढईकडे वळलेली असते. अशा बाईला रात्री नवरा म्हणाला, ये, जरा बोलत बसू, तर तिच्या डोळ्यांवर झोप असते. मग त्याला वाटते, हिलाच रस नाही.

म्हणून वेळ काढणे याचा पहिला अर्थ काम वाटून घेणे असा आहे. प्रेषित (स.) घरी असताना काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजीची वेळ झाली की बाहेर जात, असे त्यांनी सांगितले. या हदीसवर आपल्याकडे बयाने होतात. पण बयान ऐकून घरी आलेल्यांपैकी किती जण दस्तरखान उचलतात? जो नवरा शेजारी उभा राहून भांडी पुसतो त्याला बोलण्यासाठी वेगळी वेळ शोधावी लागत नाही. अर्धे बोलणे तिथेच होऊन जाते.

हा हक्क एकतर्फी नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. कुरआनाने नवराबायकोला एकमेकांचा पोशाख म्हटले आहे, एकाला पोशाख आणि दुसऱ्याला अंग असे नाही. दमून आलेल्या नवऱ्यालाही कोणी आपले ऐकावे असे वाटते. पगार थकला आहे, मालकाने अपमान केला आहे, दुकानावर कर्ज आहे, हे तो मित्रांना सांगू शकत नाही आणि आई-वडिलांना सांगून घाबरवू इच्छित नाही. त्याने तोंड उघडावे तोच मुलाच्या फीची, गॅसच्या सिलिंडरची, नणंदेच्या बोलण्याची यादी समोर आली, तर तो मुकाट्याने मोबाईल हातात घेतो. तीही तिचा घेते. अलीकडे अनेक घरांत नवराबायको एका पलंगावर असतात आणि दोघेही दुसऱ्याच कोणाशी बोलत असतात. परदेशातल्या नवऱ्याशी मोबाईलने जोडून दिले, घरातल्याशी तोडून टाकले.

आता मूळ तात्त्विक शंकेकडे येऊ. प्रेमाचा असा हिशेब करायचा का? हक्क म्हणून मागितलेला आणि कर्तव्य म्हणून दिलेला वेळ हा कोरडाच असणार, मग त्याचा उपयोग काय? ही शंका वरवर बरोबर वाटते. कअब यांच्या निवाड्यानंतर त्या नवऱ्याच्या मनात चौथ्या दिवशी प्रेम उमलले की नाही, हे कोणताही काझी सांगू शकत नाही. प्रेम हुकमाने येत नाही. पण वेळच नसेल तर ते येणार कुठे? नमाजीचे उदाहरण घ्या. नमाजीत मन लागणे ही अल्लाहची देणगी आहे, ते रोज लागतेच असे नाही. म्हणून आपण मन लागेल त्याच दिवशी नमाज पढू, असे म्हणत नाही. वेळ ठरलेली असते, माणूस उभा राहतो, आणि कधीतरी मनही येऊन मिळते. नवराबायकोचेही असेच आहे. ज्यांनी वेळ राखला त्यांच्या घरी जिव्हाळ्याला यायला दार तरी उघडे असते. ज्यांनी ‘सवड मिळेल तेव्हा’ असे म्हटले त्यांची सवड मुलांच्या लग्नानंतर येते. तोपर्यंत घर शांत झालेले असते, आणि दोन म्हातारी माणसे समोरासमोर बसून एकमेकांशी काय बोलावे, याचा विचार करीत असतात.

वेळ देणे म्हणजे बाहेर जेवायला जाणे, सहलीला जाणे असाच अर्थ हल्ली घेतला जातो. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. पण त्याहून साधी आणि अवघड गोष्ट ऐकण्याची आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक लांबलचक हदीस आहे, उम्मे जरअ या स्त्रीची. अकरा बायका एकत्र बसतात आणि काही न लपवता आपापल्या नवऱ्याविषयी सांगायचे ठरवतात. कोणाचा नवरा कंजूष, कोणाचा रागीट, कोणाचा घरात येऊन नुसताच झोपणारा, कोणाचा प्रेमळ. अकराव्या उम्मे जरअची कहाणी तर सासू, मुलगा, मुलगी, घरातली दासी अशी सगळ्यांची वर्णने करीत जाते. ही सारी गोष्ट हजरत आयशा सांगतात. प्रेषित (स.) शेवटी एवढेच म्हणतात की, मी तुझ्यासाठी उम्मे जरअच्या नवऱ्यासारखा आहे. ज्यांच्या खांद्यावर एका उम्मतीचा भार होता त्यांनी बायकांच्या गप्पांची ही गोष्ट अकराव्या बाईपर्यंत ऐकली, मधेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हटले नाही, आणि शेवटचे वाक्य असे बोलले की ऐकताना लक्ष दुसरीकडे नव्हते हे कळावे. सुन्नत म्हणून आपण दाढी जपतो, मिस्वाक जपतो. बायकोची गोष्ट अकराव्या बाईपर्यंत ऐकणे हीसुद्धा सुन्नतच म्हणायला हवी.

हे सगळे वाचून कोणी लगेच आपले जगणे बदलेल असे नाही. पाळी बदलत नाही, लोकल लवकर सुटत नाही, रजा वाढत नाही. पण निदान शब्दांकडे लक्ष द्यायला पैसा लागत नाही. पुढच्या वेळी घरात, शेजारी, लग्नाच्या मांडवात एखादी बाई म्हणेल, ‘आमचे फार कष्टाळू हो, घरात टिकतच नाहीत.’ तेव्हा मान डोलवण्याआधी क्षणभर थांबावे आणि ती काय सांगते आहे ते ऐकावे. आणि ज्याच्याविषयी ती बोलते आहे तो जवळपास असेल तर त्यानेही ऐकावे. चौथा दिवस नाही जमला तर इशानंतरचा अर्धा तास तरी तिचा आहे. तो देताना आपण काही देतो आहोत असे वाटू देऊ नये, कारण जे दुसऱ्याचेच आहे ते आपण फक्त परत करीत असतो.